सही तेवढी राहिली आहे

ता. ५ नोव्हेंबर १९२९, मंगळवार

बिनपगारी रजा मंजूर. डिसेंबरच्या मध्यापर्यंत. कचेरीतले आमचे वरिष्ठ तात्यासाहेब यांनी कारण विचारले. मी अर्जात 'स्वतंत्र व्यवसायाची चाचपणी' असे लिहिले होते. त्यांनी वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि ते खोडून 'घरगुती कारण' असे केले. मोठी कल्पना कचेरीच्या रकान्यात मावत नाही.

कल्पना अशी. बडोद्यात रोज घरे विकली जातात, पण कुठे आणि कशी? कोणी ओट्यावर सही ठोकतो, कोणी तंबाखूच्या वखारीत पोत्यावर बसून, कोणी उभ्या घोडागाडीत दुसऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून. बापजाद्यांचे घर हातचे जाते आणि समोर शेंगा सोलणारा साक्षीदार! एका विलायती साप्ताहिकात वाचले की तिकडे सौदा पुरा करायला खास खोली असते, टेबल असते, नेमलेली वेळ असते. नोंदणी कचेरीत कागद नुसता दाखल व्हायला जातो. खरा प्रसंग आधीच, शांतपणे, प्रोफेशनल रीतीने उरकलेला असतो. बडोद्यात हे करून देणारा एकही माणूस नाही. आजपासून एक आहे.

कार्डे छापायला टाकली. 'संपतराव शेलार. घरांची खरेदीखते योग्य स्थळी व योग्य वेळी पुरी करून मिळतील.'

पहिले गिऱ्हाईक नात्यातलेच, सासरे सुभानराव. सरकारी पागेतले निवृत्त जमादार. त्यांचे मांडवीजवळच्या गल्लीतले घर पादरा गावचे रुईचे व्यापारी हरगोवन शेठ घेत आहेत. भाव ठरला, बोलणी झाली, खत लिहून तयार. सही तेवढी राहिली आहे. म्हणजे माझे काम नेमके इथून सुरू होते.

सासऱ्यांना घाई आहे ती मैनेसाठी. मैना त्यांची म्हातारी घोडी. गल्ली एवढी अरुंद की मैनेला वळता येत नाही, आत गेली तशीच मागे सरकत बाहेर यावे लागते. अलीकडे पुढच्या पायाने लंगडते. घोड्यांचा सलोत्री सांगून गेला की मोकळ्यावर फिरवा, नाहीतर एक दिवस बसेल आणि बसली की उठणार नाही. स्टेशनापलीकडे सासऱ्यांनी मोकळी जागा पाहून ठेवली आहे, पण हे घर गेल्याशिवाय ती घेता येत नाही. सगळे समजते. पण घाई हाच आपल्या लोकांचा दोष.

कुसुमावतीला योजना समजावली. ती म्हणाली, सहीला लागतं काय, दौत, टाक आणि माणूस. तिच्याजवळ व्यवसायाची दृष्टी नाही. आमटी मात्र उत्तम झाली होती.

ता. ६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळ

थोडक्यात वाचलो.

आज गुजराती लोकांची लाभपाचम. सासऱ्यांकडे सहज डोकावलो तर ओट्यावर हरगोवन शेठ बसलेले, मांडीवर खत, हातात टाक! सासरे शेजारी उकिडवे. मैना शेठजींच्या पगडीचा वास घेत होती. दोन साक्षीदार पानटपरीवरून धरून आणलेले. आणखी एक क्षण उशीर झाला असता तर सगळे आटोपलेच असते.

मी टाक काढून घेतला. समजावले, की ही काही रीत नव्हे. शेठजी म्हणाले, लाभपाचमेपेक्षा चांगला दिवस वर्षात नाही. मी म्हटले, दिवस चांगला आहे, जागा चांगली नाही. स्थळ आणि काळ दोन्ही जुळले पाहिजेत. कार्डाचे प्रूफ दाखवले. शेठजींनी ते आदराने वाचले, कारण छापील होते. जावयासमोर सासरे काय बोलणार! मैनेच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "संपतराव, लवकर बघा."

शेठजींनी एकच अट घातली. डिसेंबरच्या मध्याला कमुरतां लागतात. त्या महिन्यात ते कसलाही शुभ व्यवहार करत नाहीत. त्याआधी झाले तर ठीक, नाहीतर चांपानेर दरवाज्याकडचे दुसरे घर त्यांनी पाहून ठेवले आहे. मी म्हटले, तोवर तर मी आणखी चार घरे उरकीन.

ता. ९ नोव्हेंबर, शनिवार

संकल्प:
रोज पहाटे उठणे. शहरातल्या सर्व योग्य जागा पाहणे. इंग्रजी बोलण्याचा सराव. विडी बंद.

उशिरा उठलो. विडीशिवाय विचार होत नाही असे आढळले.

ता. १२ नोव्हेंबर, मंगळवार

जागांची पाहणी. देऊळ नको, पुजारी मध्ये बोलतो. वकिलाचे ऑफिस नको, वकील मध्ये बोलतो. शेठजींची पेढी नको, तिथे सासरे पाहुणे ठरतील. सासऱ्यांचे घर नको, तिथे शेठजी. जागा अशी हवी की जिथे दोघेही परके. शेवटी बसल्या जागी सुचले, कमाटीबाग! मोकळी हवा, राजेशाही परिसर, बसायला बाके. बँडस्टँडजवळचे बाक नक्की केले. बाकाला पैसे पडत नाहीत हा वेगळा फायदा.

कुसुमावतीने विचारले, बाकावर कागद कशावर ठेवणार. तपशील नंतर पाहता येतील.

ता. १६ नोव्हेंबर, शनिवार

कमाटीबागेचा प्रयोग. माझ्या मते नव्वद टक्के यशस्वी.

सगळे वेळेवर आले. हेच मुळात केवढे! सासरे पागेतला जुना कोट घालून, शेठजी मुनीमासह. बाक छान होते. खत मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि बँड सुरू झाला. शनिवारचा बँड मी विसरलो होतो. चतुःसीमा ओरडून वाचाव्या लागल्या. पूर्वेस गल्ली, पश्चिमेस विश्वासरावांचे घर, असे ओरडल्यावर बागेत फिरायला आलेले लोक जमले. त्यांना वाटले लिलाव आहे. एका गृहस्थाने बोली लावली. दुसऱ्याने आम्हांला न विचारता सांगितले की ते घर त्याला माहीत आहे, विहिरीचे पाणी मचूळ आहे. तिसरा म्हणाला, मचूळ नाही, जड आहे, त्याच्या मेहुण्याला तिथेच मूतखडा झाला. शेठजींचा चेहरा पडला. त्यांनी सासऱ्यांना पाण्याबद्दल विचारले. तिकडे ट्रंबोन. सासऱ्यांना 'राणी' ऐकू आले. ते म्हणाले, ती तर केव्हाच वारली. शेठजी म्हणाले, आधी पाणी पिऊन बघू, मग सही.

दोष माझा नाही. बँडचा आहे.

ता. १९ नोव्हेंबर, मंगळवार

शेठजी गल्लीत येऊन विहिरीचे पाणी पिऊन गेले. दोन तांबे प्यायले. म्हणाले, मीठुं छे, म्हणजे गोड आहे. पुन्हा टाक काढला! या माणसाला कुठेही टाक काढायची खोड आहे. मी होतो म्हणून बरे. म्हटले, पाणी पिता पिता कोणी घर घेते का! सासऱ्यांनी या वेळी माझ्याकडे पाहिले नाही, मैनेकडे पाहिले. तिचा पाय सुजला आहे. लेप लावत होते.

मलाही वाईट वाटले. पण डॉक्टर घाबरला तर पेशंटने काय करावे?

ता. २२ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा विचार. बाग ही चूक नव्हती, बाग उघडी होती ही चूक होती. बंद जागा हवी. आमचे दूरचे नातेवाईक हिंमतराव यांची मांडवीजवळ तालीम आहे. वरती मोठा हॉल रिकामा. झाडून घेतला. टेबल, खुर्च्या, हिरवे कापड, टीपकागद सगळे भाड्याने आणले. भिंतीला घड्याळही टांगले. ते चालत नाही, पण उठून दिसते.

साप्ताहिक पुन्हा वाचले. त्यात लिहिले आहे की सही करण्यापूर्वी पाहुण्यांना काहीतरी दिले तर मन मोकळे होते आणि संशय जातो. उत्तम! बिस्किटे शेठजींना चालणार नाहीत. आपल्याकडचे शिष्टाचार काय थोडे आहेत! अत्तर, गुलाबपाणी, पानसुपारी. सगळे आधी देणार, मग सही. पूर्व आणि पश्चिम यांचा असा मिलाफ बडोद्यातच होऊ शकतो.

कुसुमावती काहीतरी सांगायला आली होती. मी म्हटले, आत्ता नको.

ता. २६ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा प्रसंग जसा घडला तसा लिहितो. त्यातून निष्कर्ष नंतर काढता येईल.

हॉल सुंदर दिसत होता. खाली हिंमतरावांचे पैलवान जोर काढत होते, त्यामुळे टेबल अधूनमधून हलत होते, पण त्यालाही एक भारदस्तपणा होता. सासरे आणि शेठजी समोरासमोर बसले. खत मध्ये. मी उभा राहून चार शब्द बोललो. मग स्वतःच्या हाताने सासऱ्यांना अत्तर लावले, गुलाबपाणी शिंपडले, विडा दिला.

सासरे उठले. विडा कपाळाला लावला. मला वाकून मुजरा केला, शेठजींना केला, आणि पाठ न दाखवता मागे सरकत दारापर्यंत जाऊन जिना उतरून गेले.

मला वाटले, थुंकायला गेले असतील.

जिन्यात टापा वाजल्या तेव्हा समजले. (टापा रस्त्यावरच्या होत्या, पण जिन्यात ऐकू आल्या.) मैना लंगडी, तरीही माझ्यापेक्षा जलद चालते असे दिसून आले. चौकात गाठले. हातात विडा तसाच. मी म्हटले, आबासाहेब, सही! ते गोंधळून म्हणाले, "अत्तरपान झालं ना? मग बसून राहायचं कसं?" पागेच्या नोकरीत त्यांची सगळी हयात सरकारच्या दरबारात भालदारामागे उभे राहण्यात गेली. अत्तरपान झाले की दरबार बरखास्त, त्यानंतर जो बसून राहील तो बेअदब. मी सही मागत होतो आणि हाताने निरोप देत होतो. त्यांना वाटले, जावयाने काही विचार करूनच आजचे रद्द केले असेल. विचारणे बरे दिसत नाही म्हणून विचारले नाही.

परत हॉलवर गेलो तर शेठजी निघालेले. त्यांचा समज असा की सुभानरावांना भाव कमी वाटला म्हणून ते रागावून उठले. मराठा माणूस मुजरा करून उठला म्हणजे पुढे काय होईल सांगता येत नाही, असे मुनीमाने त्यांना सांगितले होते. ते पादऱ्याच्या छोट्या गाडीने गेले.

घरी कुसुमावतीला हकीकत सांगितली. ती त्या दिवशी हेच सांगायला आली होती म्हणे. पदर तोंडाला लावून आत गेली. रडत होती की हसत होती ते कळले नाही. मी जेवलो नाही. दोनच भाकऱ्या खाल्ल्या.

ता. २७ नोव्हेंबर, बुधवार

निष्कर्ष: हिरवे कापड चांगले होते.

ता. ३० नोव्हेंबर, शनिवार

शेठजींना माणूस पाठवून गैरसमज दूर केला. म्हणजे कुसुमावतीने पाठवला. शेठजींचे उत्तर आले की वांधो नहीं, बोलावाल तेव्हा येतो, पण कमुरतांच्या आत. उद्या अवस. मग सासऱ्यांचे खंडोबाचे नवरात्र, चंपाषष्ठीपर्यंत ते घराबाहेर व्यवहार करत नाहीत. म्हणजे उरतो तो त्यापुढचा आठवडा.

हे बरेच झाले. दडपणाखाली माझी बुद्धी चांगली चालते.

ता. ४ डिसेंबर, बुधवार

मैना रात्री बसली होती. सासरे आणि शेजारी मिळून सकाळी उठवली. पाहायला गेलो होतो. सासरे तिच्या पोटाखाली खांदा देऊन उभे होते. मला पाहून नुसती मान हलवली. वाटेत एका ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो.

या वेळी चूक होता कामा नये. अगदीच होता कामा नये.

ता. ८ डिसेंबर, रविवार

वेळ ठरवायला जोश्यांकडे. ते म्हणाले, गुरुवार दुपार उत्तम. शेठजींच्या चोघडियांत, म्हणजे गुजराती मुहूर्तांत, गुरुवारी नेमक्या त्याच वेळी अशुभ 'काळ' येतो. शेठजींचे शुभ 'अमृत' येते तेव्हा जोश्यांची भद्रा. दोघांची जुळणारी एक वेळ सापडली ती गुरुवारी सूर्यास्ताच्या सुमारास. तेव्हा नोंदणी कचेरी बंद असते. पण सही झाली की नोंदणी दुसऱ्या दिवशीही होते. मी खूष.

स्थळ: रेल्वे स्टेशनची पहिल्या वर्गाची वेटिंग रूम. टेबल आहे, खुर्च्या आहेत, घड्याळ चालते. बँड नाही, पैलवान नाहीत, अत्तर नाही. हे मला आधी का सुचले नाही! पहिल्या वर्गाचे तिकीट लागते, ते बाजव्यापर्यंतचे काढणार. ते जवळचेच स्टेशन.

ता. १० डिसेंबर, मंगळवार

कुसुमावतीने आज स्वतः होऊन या कामात रस घेतला. तिने सगळी योजना विचारून घेतली. मग म्हणाली, "शेठजी ऐनवेळी चुकले तर? तुम्हीच पादऱ्याला जा आणि त्यांना बरोबर घेऊन या. सकाळच्याच गाडीनं जा." मला हे सुचले नव्हते. तिला शेवटी व्यवसाय समजू लागला. तिनेच डबा देण्याचे कबूल केले, आणि खत घरी ठेवून जा म्हणाली, गाडीत हरवेल. किती विचार!

यश आल्यावर तिला काहीतरी घेऊन देणार. राजीनाम्याचा मसुदा तयार केला. तात्यासाहेबांना वाईट वाटू नये अशी भाषा वापरली आहे.

ता. १२ डिसेंबर, गुरुवार. पादरा

हे पादऱ्यात शेठजींच्या पेढीवर बसून लिहीत आहे.

शेठजी नाहीत. मुनीम म्हणतो, पहाटेच बडोद्याला गेले, घोडागाडी करून. कशाला, ते माहीत नाही. बहुधा मला चुकवू नये म्हणून लवकर निघाले आणि चुकले. पंक्च्युॲलिटीचा अतिरेक. माझी गाडी आणि त्यांची गाडी कुठेतरी एकमेकांना पार करून गेली असणार.

परतीची गाडी संध्याकाळी. डबा उघडला. कुसुमावतीने दोन वेळांचा दिला आहे. तिला कसे सुचले कोण जाणे.

ता. १२ डिसेंबर, गुरुवार. घरी

झाले.

दुपारी झाले. आमच्या मागच्या पडवीत. मुहूर्त नव्हता, टेबल नव्हते. कुसुमावतीने सासऱ्यांना आणि शेठजींना जेवायलाच बोलावले होते. भाकरी, वांग्याचे भरीत, ताक. जेवणे झाली, हात धुतले, पाट उलटा घातला, त्यावर खत. तिने आधी टाक पुढे केला आणि पानाचे तबक स्वतःच्या मागे ठेवले. दोघांच्या सह्या झाल्यावर पान दिले. तेव्हा शेठजींचे 'काळ' चोघडियुं चालू होते. त्यांना आठवण करून दिली तर ढेकर देऊन म्हणाले, "पेट भरेलुं होय तो बधां चोघडियां सारां." पोट भरलेले असले की सगळेच मुहूर्त चांगले. नंतर सगळे तसेच उठून नोंदणी कचेरीत गेले. कचेरी बंद होण्याच्या आत दाखल. साक्षीदार दोन. एक शेठजींचा गाडीवान. दुसरी सौ. कुसुमावती संपतराव शेलार. तिची सही सुरेख येते. मला माहीत नव्हते.

सासरे तसेच जागेचा सौदा करायला स्टेशनापलीकडे गेले. मैनेला हाताने धरून चालवत नेले म्हणे, जागा तिला दाखवायला.

हे सगळे तिने भाकरी थापता थापता सांगितले. मी पाटावर बसलो होतो. त्याच पाटावर. मी म्हटले, निदान मला शोधायचे तरी होते, कोणाला पादऱ्याला पाठवायचे होते. तिने भाकरी उलटली. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शोधलं असतं तर सापडला असता तुम्ही."

मला वाईट वाटले. रोजनिशीत खोटे कशाला लिहू, फार वाईट वाटले. मग तिने ताटात भाकरी वाढली आणि भरीत राहिले आहे का ते पाहायला उठली. राहिले होते. माझ्यासाठी वेगळे काढून ठेवले होते.

ता. १६ डिसेंबर, सोमवार

कचेरीत रुजू. रजा संपली होती.

तात्यासाहेबांनी विचारले, घरगुती कारण होतं ते झालं का पुरं? मी म्हटले, झाले. ते म्हणाले, "गुरुवारी नोंदणी कचेरीत तुमच्या सौभाग्यवती भेटल्या होत्या. फार व्यवस्थित बाई." मी हो म्हटले. मग त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. त्यांच्या मेहुण्याचे रावपुऱ्यातले घर विकायचे आहे. सगळे ठरले आहे, सही तेवढी राहिली आहे. कमुरतां उतरली की उरकायचे.

मी जागेवर सरसावून बसलो. म्हटले, जरूर, स्थळ आणि वेळ मी...

तात्यासाहेबांनी मध्येच थांबवले. म्हणाले, चिठ्ठी घरी द्या.